‘पित्ताची गोळी द्या’ म्हणण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर गॅस्ट्रोच्या आणि काविळीच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांच्या शेवटी ‘नागरिकांनी पाणी उकळून प्यावे’ असे आरोग्य विभागाचे आवाहन असते. आवाहन योग्यच आहे. मात्र पोट किंवा यकृत बिघडल्यावर घरी किती दिवस थांबायचे आणि कोणते लक्षण दिसताच उठून दवाखाना गाठायचा, याविषयी सहसा काही छापून येत नाही. हे पत्र त्याविषयी आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षे औषधांचे दुकान चालवले आणि दोन वर्षांपूर्वी ते मुलाच्या हाती सोपवले. मी डॉक्टर नाही आणि निदान करण्याचा अधिकार मला कधीच नव्हता. पण आपल्याकडे पोट दुखणारा माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी औषधाच्या दुकानात येतो, त्यामुळे जे डॉक्टरांना उशिरा दिसते ते आम्हाला लवकर दिसते, आणि ते पाहूनही आम्ही बहुतेक वेळा गोळी कापून देतो.

माझ्या काउंटरवर लोक लक्षण सांगत नसत, आजाराचे नाव सांगत. ‘पित्त झालंय’, ‘मूळव्याधीचं मलम द्या’, ‘कावीळ झाली आहे, औषध गावाकडून आणलंय, तुम्ही फक्त ग्लुकोज द्या.’ पित्त, कावीळ आणि मूळव्याध हे तीन शब्द आपल्या भाषेत इतके मुरले आहेत की ते उच्चारले की पुढे काही विचारण्याची गरज उरली नाही असे सांगणाऱ्यालाही वाटते आणि ऐकणाऱ्यालाही. वास्तविक पाहता हे तिन्ही शब्द तक्रारीचे आहेत, निदानाचे नव्हेत. छातीत जळजळ, मळमळ, डोके दुखणे, अंगावर उठणाऱ्या गांधी या सगळ्याला आपण पित्त म्हणतो. डोळे पिवळे होण्याच्या दहा वेगवेगळ्या कारणांना मिळून कावीळ म्हणतो. आणि शौचातून रक्त गेले की ती मूळव्याधच, असे मानून मोकळे होतो.

पित्ताविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यात माझा स्वतःचा दोष आहे. दुकानासमोर रिक्षा लावणारे एक पन्नाशीचे गृहस्थ मधुमेही होते. ते सलग तीन संध्याकाळी माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी त्यांनी सोड्याची पुडी नेली, दुसऱ्या दिवशी पातळ औषधाची बाटली आणि तिसऱ्या दिवशी पित्ताची गोळी. जेवणानंतर नव्हे, तर घाटाच्या चढावर रिक्षा ढकलताना छातीच्या खालच्या भागात जळजळते, असे त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितले, आणि ते ऐकूनही मी गोळी दिली. त्या रात्री त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले, पण पुन्हा रिक्षा चालवू शकले नाहीत. श्रम केले की येणारी आणि बसले की थांबणारी जळजळ ही पोटाची नसून हृदयाची असू शकते, तिच्याबरोबर घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर ती तशीच आहे असे धरून चालावे, आणि मधुमेही माणसांत व स्त्रियांत ही लक्षणे पुष्कळदा पुसट असतात, हे मला तेव्हाही माहीत होते. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून जिथे ईसीजी निघतो तिथे पोहोचावे. पहिला ईसीजी स्वच्छ आला तरी डॉक्टर थांबायला सांगत असतील तर थांबावे, कारण काही वेळा बदल दुसऱ्या किंवा तिसऱ्या ईसीजीत दिसतात.

खरेखुरे आम्लपित्तही असतेच, आणि आपल्याकडे ते असण्याला कारणेही भरपूर आहेत. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू आणि तळलेले वेफर्स खाऊन, दिवसभरात चार कप चहा रिचवून संध्याकाळी ‘उपवासाने पित्त झालं’ म्हणणारे गिऱ्हाईक मी शेकड्यांनी पाहिले. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवे होणारे त्याहून जास्त. अशांना जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे, तंबाखू मळणे थांबवणे आणि पोटाचा घेर कमी करणे यांचा गोळीहून अधिक उपयोग होतो. पण कोणी काही बदलत नाही. गोळीच बदलतात. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या गटातील गोळ्या सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. लोक त्या रात्री जेवणानंतर घेतात आणि ‘लागू पडत नाही’ म्हणून दोन घेतात. या गोळ्यांच्या वेष्टनावर डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत असे छापलेले असते, तरी त्या चॉकलेटसारख्या विकल्या जातात. त्यांच्या जोडीला पुष्कळदा डॉम्पेरिडॉन हे मळमळीवरचे औषध असते, आणि ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. आमच्या पिढीची लाडकी रॅनिटिडीन तर २०२२ साली राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून काढली गेली, कारण तिच्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारी अशुद्धी सापडल्याने जगभर शंका निर्माण झाली होती. आमच्याकडची काही वयस्कर मंडळी आजही चिठ्ठीशिवाय तीच मागतात.

साधारण दोन आठवडे गोळी घेऊनही जळजळ कायम राहत असेल, किंवा गोळी थांबवली की पुन्हा उसळत असेल, तर पोटाच्या डॉक्टरला दाखवावे. पोटातील व्रण हा तिखटाने आणि चिंतेनेच होतो असे आपण अजूनही समजतो; परंतु बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ साली त्या जिवाणूचे मिश्रण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, तेव्हा कुठे जग हळूहळू ऐकू लागले, आणि २००५ साली त्यांना व रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळाले. हा जिवाणू सापडला तर प्रतिजैविकांचा ठरावीक दिवसांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागतो. आयुष्यभर पित्ताची गोळी चघळत बसण्याचे कारण राहत नाही. दुसरे कारण जास्त घरगुती आहे. गुडघेदुखीसाठी आजी रोज डायक्लोफेनॅक घेते, हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन वेगळी चालू असते, आणि दोन्हींनी मिळून जठराच्या अस्तराला छिद्र पडेपर्यंत कोणालाही दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहावेसे वाटत नाही. अशा माणसाला डांबरासारखी काळी, चिकट आणि विशिष्ट दुर्गंधीची शौच झाली, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट काही पडले, तर तो वरच्या आतड्यातील किंवा जठरातील रक्तस्राव असतो, आणि सकाळ होण्याची वाट न पाहता निघावे लागते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, म्हणून गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवाव्यात. परंतु ‘लोहामुळे असेल’ असा निर्णय घरी घेऊ नये. गिळताना अन्न छातीत अडकणे, कारणाशिवाय वजन उतरणे आणि चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले ‘पित्त’ या गोष्टीही दुर्बिणीच्या तपासणीशिवाय सोडू नयेत.

पोटदुखीच्या बाबतीत दुखण्याची जागा आणि दिशा लक्षात ठेवावी. बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकणारे दुखणे अपेंडिक्सचे असू शकते. त्यात ‘पोट साफ होऊ दे’ म्हणून जुलाबाचे औषध देणे धोक्याचे. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी कळ पित्ताशयातील खड्यांची असते. तिच्याबरोबर थंडी वाजून ताप आणि पिवळे डोळे आले तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असतो आणि ती तातडीची वेळ असते. वरच्या पोटात उठून पाठीत घुसणारे, पुढे वाकून बसल्यावर किंचित हलके वाटणारे असह्य दुखणे स्वादुपिंडाच्या दाहाचे असू शकते, आणि आपल्याकडे त्याची नेहमीची दोन कारणे म्हणजे दारू आणि तेच पित्ताचे खडे.

आता कावीळ. या विषयावर लिहिताना माझा हात थोडा थरथरतो, कारण आमच्या पट्ट्यात कावीळ उतरवून देणारी माणसे प्रत्येक दहा कोसांवर आहेत आणि त्यांतील काही मनाने अतिशय सज्जन आहेत. कोणी गळ्यात बारीक काड्यांची माळ घालतात आणि ती जसजशी लांब होत बेंबीपर्यंत उतरते तसतशी कावीळ उतरली असे सांगतात. काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ निरोग्याच्या गळ्यातही लांबते. कोणी हाताला झाडपाल्याचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, आणि पाणी पिवळे झाले की घरच्यांचे डोळे पाणावतात. आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसाला चुना लागला की तो पिवळा होतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी करून दाखवत आले आहेत. कोणी देवडांगरीचा रस नाकात पिळतात आणि नाकातून दिवसभर पिवळे पाणी वाहते. ते नाकाच्या होरपळलेल्या त्वचेचे पाणी असते, यकृताचे नव्हे.

तरीही यांच्याकडून माणसे बरी होतात, हे नाकारून चालणार नाही. मी त्यांना स्वतः बरे झालेले पाहिले आहे. त्याचे कारण असे की आपल्याकडे पावसाळ्यात पसरणारी कावीळ बहुतांशी हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते, ती घाण पाण्यातून आणि अन्नातून येते, आणि धडधाकट माणसात काही आठवड्यांत आपोआप उतरते. तिच्यावर नेमके मारक औषध नाही. विश्रांती, पुरेसे खाणे-पिणे आणि यकृताला त्रास देणाऱ्या गोष्टी टाळणे हाच उपचार. म्हणून श्रेय माळेला मिळते. ज्याची कावीळ या दोन प्रकारांतली नसते, त्याचे मात्र तेच चार आठवडे वाया जातात. या विषाणूंचा आणखी एक चकवा आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात, त्यामुळे ‘परवा लग्नात जेवलो त्यानेच झाली’ हे सहसा खरे नसते. दोषी पाणी महिनाभरापूर्वीचे असते, आणि ज्या नळाची तक्रार करायची तो एव्हाना स्वच्छही आलेला असतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत आलेली काविळीची मोठी साथ कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना आठवत असेल. तीही हिपॅटायटिस ईची होती आणि दूषित पाण्यातूनच आली होती. काविळीत उसाचा रस द्यावा असे आपल्याकडे घरोघर सांगतात. रस्त्यावरच्या गुऱ्हाळातील रसात जो बर्फ पडतो तो कोणत्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही.

हिपॅटायटिस ई गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जीवघेणा ठरू शकतो. साथींमध्ये अशा बाधित स्त्रियांपैकी पाचात एक किंवा त्याहून अधिक दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पोटुशी बाईचे डोळे पिवळे दिसले तर वैदूकडे तर सोडाच, पण गावातल्या दवाखान्यातही फार वेळ न घालवता जिथे प्रसूती आणि अतिदक्षता दोन्हींची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावे. शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना पुरळ नसताना येणारी तीव्र खाज हीसुद्धा यकृताची तक्रार असू शकते आणि ती बाळाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘गर्भारपणात असं होतंच’ म्हणून तिच्यावर खोबरेल चोळत बसू नये.

इतर कोणत्याही काविळीत घरच्यांनी रुग्णाच्या डोळ्यांच्या पिवळेपणापेक्षा त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. तो दिवसा झोपून रात्री जागत असेल, असंबद्ध बोलत असेल, नेहमीचे हिशेब चुकवत असेल, हात पुढे करायला सांगितल्यावर पंजे थरथरत असतील, तर यकृत निकामी होऊ लागल्याची ती चिन्हे आहेत, आणि मग तास मोजायचे असतात. उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, पोट फुगत जाणे यांचाही अर्थ तोच. अशा रुग्णाला ‘झोप लागू दे’ म्हणून झोपेची गोळी देणे मी दुकानात पाहिले आहे. तपासणीत बिलिरुबिन आणि एसजीपीटी हे दोन आकडे सर्वांना तोंडपाठ असतात. परंतु रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारी तिसरी चाचणी, जिला डॉक्टर पीटी-आयएनआर म्हणतात, ती यकृताचे काम किती चालू आहे याविषयी जास्त बोलते. ती केली आहे ना, एवढे विचारायला हरकत नसावी.

शौच मातीसारखी पांढुरकी, लघवी गडद चहासारखी आणि अंगाला खाज, अशी कावीळ पित्तनलिका अडल्याने होते. वयस्क माणसात ती पोट न दुखता आली आणि वजनही उतरत असेल तर स्वादुपिंडाच्या किंवा पित्तमार्गाच्या गाठीची शंका घ्यावी लागते. हीच पांढरी शौच तान्ह्या बाळात दिसली तर तिचा अर्थ वेगळा आणि अधिक निकडीचा. नवजात बाळाला थोडी कावीळ होणे नेहमीचे आहे, पण ती पहिल्या २४ तासांतच दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे, आणि दोन आठवड्यांनंतरही राहिली व शौच फिकट होत गेली, तर पित्तनलिका जन्मतःच बंद असू शकते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ साधारण ६० दिवसांचे होण्याआधी झाली तरच चांगला गुण येतो. कोवळ्या उन्हात धरण्यात आणि ‘आईनं पिवळं खाऊ नये’ या सल्ल्यात ते ६० दिवस निघून जातात. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याच्या ‘डंबा’ या प्रथेच्या बातम्या आपण हळहळत वाचतो. शहरातल्या सुशिक्षित घरांनी बाळाची शौच फिकट दिसत असूनही दीड महिना वाट पाहणे हे त्याहून फार निराळे आहे असे मला वाटत नाही.

यकृताचे जे आजार काविळीशिवाय येतात त्यांच्याविषयी दोनच गोष्टी लिहितो. हिपॅटायटिस बी आणि सी हे रक्तातून, असुरक्षित सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतात. एका ताटात जेवल्याने होत नाहीत. ते वर्षानुवर्षे गुपचूप राहून यकृत सुकवतात, आणि पुष्कळांना ते रक्तदानानंतर आलेल्या पत्रातूनच कळतात. ते पत्र फाडून टाकू नये. २८ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. हिपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो, आणि बीची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते. दुसरी गोष्ट सोनोग्राफीच्या कागदावरच्या ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ या ओळीची. दारूला न शिवणाऱ्यांनाही ही ओळ आता सर्रास मिळते, विशेषतः मधुमेह असेल किंवा कमरेचा घेर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर. त्यावर माझ्या दुकानात सर्वाधिक विकले गेलेले औषध म्हणजे लिव्हर टॉनिक, ज्याचा खप गटारीच्या आठवड्यात आणि ३१ डिसेंबरनंतर दुप्पट होई. वजन सात ते दहा टक्के उतरवणे, म्हणजे ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो कमी करणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि तो बाटलीत भरून विकता येत नाही.

यकृताला औषधांपासूनही जपावे लागते, हे विक्रेत्यानेच सांगितलेले बरे. पॅरासिटामॉल सुरक्षित आहे, पण धडधाकट प्रौढालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि रोज दारू पिणाऱ्याला त्याहून पुष्कळ कमी. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी या तिन्हींत तेच असते आणि माणूस तिन्ही घेतो. क्षयरोगाच्या औषधांवर असलेल्या रुग्णाला मळमळ, भूक मरणे, पिवळी लघवी असे काही झाले तर त्याने त्याच दिवशी केंद्रात कळवावे, कारण ती औषधे यकृताला बाधू शकतात. मात्र मनानेच ती कायमची सोडूनही देऊ नयेत. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे उकळले गेले. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. पण डॉक्टरांनी ‘काय काय घेता?’ असे विचारल्यावर काढा, चूर्ण आणि जिममधली पावडर हेही सांगायचे असते, एवढे तरी त्या वादातून घ्यावे. माझे भांडण आयुर्वेदाशी नाही. निदानाआधी दिलेल्या उपचाराशी आहे, आणि तो देणाऱ्यांत मीही होतो.

मूळव्याधीचे थोडक्यात सांगतो, जरी ते माझ्या घरचे आहे. माझ्या आत्याने शौचातून जाणारे रक्त वर्षभर मलमावर काढले, ते मलम माझ्याच दुकानातले, आणि तिला एकदाही कोणी तपासले नव्हते, कारण ती दाखवायला लाजत होती आणि मी विचारायला. निघाला तो मोठ्या आतड्याचा कर्करोग. लालभडक रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचे किंवा गुदद्वाराला पडलेल्या चिरेचेच असते, हे खरे. पण डॉक्टरांनी बोट घालून केलेल्या एका मिनिटाच्या तपासणीशिवाय ते ठरत नाही. पंचेचाळीस-पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलणे, कधी बद्धकोष्ठ तर कधी पातळ, पोट साफ न झाल्याची सततची भावना, आणि पुरुषात कारणाशिवाय हिमोग्लोबिन उतरणे, यांतले काही असेल तर मलम आणू नये, दुर्बिणीच्या तपासणीची वेळ घ्यावी.

जुलाबांविषयी सगळे ठाऊक असते, तरी ते चुकीचे ठाऊक असते. जुलाब बंद करणारी गोळी आधी मागितली जाते आणि ओआरएस नंतर, आणि तेही अर्ध्या पेल्यात अर्धे पाकीट. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठीच असते. दाट केले तर अपाय होतो. १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या लोंढ्यात, पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर याच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे (कॉलऱ्याचे) असंख्य रुग्ण वाचवले होते. दुकानात त्याच फळीवर ओआरएस म्हणून मांडलेली गोड फळपेये त्याची जागा घेऊ शकत नाहीत, आणि अशा पेयांवर ते नाव वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती फार उशिरा केली. मुलाला ओआरएसबरोबर झिंक १४ दिवस द्यावे. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, लघवी सहा-आठ तास झाली नाही, पोटात काहीच टिकत नाही, शौचातून रक्त आले, किंवा भाताच्या पेजेसारखे पाणी जाऊ लागले, तर घरी थांबू नये. आणि पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जानेवारी २०२५ मध्ये जे दिसले ते विसरू नये: जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा येऊन तो वर सरकू लागला, तर ते ‘जुलाबाने आलेले थकणे’ नसून गिया बारे हा मज्जातंतूंचा आजार असू शकतो.

शेवटी एक विनंती थेट आपल्याला, संपादक महोदय. राज्यातील अनेक वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘शस्त्रक्रियेविना मूळव्याध मुळासकट’, ‘काविळीवर हमखास औषध’, ‘पित्ताशयाचे खडे विरघळवा’ अशा ओळी आठवड्याला छापल्या जातात. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींना आळा घालणारा केंद्रीय कायदा १९५४ पासून आहे आणि पित्ताचे खडे बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती त्याच्या यादीत येतात. आपल्या जाहिरात विभागाने अशी जाहिरात घेण्याआधी जाहिरातदाराकडे वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच छापावा. ज्यांच्याकडे क्रमांक असेल त्यांची काही हरकत असणार नाही.

आमच्या दुकानात माझ्या मुलाने काउंटरच्या काचेखाली एक कागद लावला आहे: ‘पित्ताची गोळी महिन्यात दुसऱ्यांदा नेताना काय त्रास होतो ते सांगावे.’ काही गिऱ्हाइके सांगतात. काही रागावून समोरच्या दुकानात जातात.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
जिल्हा सातारा